आमची गॅलरी रिकामी होती

चेंडू इंद्याच्या पायात आला आणि मी गोलमधनं ओरडलो, दे रं, दे. उजवीकडनं सर्ज्या पळत सुटला होता आणि त्याच्यापुढं अख्खी बाजू मोकळी. इंद्यानं चेंडू पायाखाली दाबला, मान वर केली, आणि थांबला. फार नाही, एक घोट पाणी गिळायला लागतो तेवढा थांबला असेल. पण तेवढ्यात समोरचा गडी आला, इंद्याच्या पायातनं चेंडू काढून घेऊन गेला, आणि बघता बघता त्यांचा तो उंच फॉरवर्ड माझ्यासमोर एकटा उभा. मी झेप घेतली. चेंडू माझ्या पोटाखालनं जाळीत गेला.

उठलो तेव्हा तोंडात माती होती. इंद्या मधल्या रेषेवर तसाच उभा, हात कमरेवर, मान खाली. मी त्याला काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. तो नेहमीसारखा एवढंच म्हणाला, "चुकलं मामा." हे चुकलं मामा ऐकून माझे कान किटले होते. उलट बोलला असता, भांडला असता तरी मला बरं वाटलं असतं.

तर ही आमच्या पिवळी विहीर तालमीची गोष्ट. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. आमच्या तालमीत कुस्ती केव्हाच बंद पडली, मातीवर फरशी आली, पण टीम राहिली. गल्लीतल्या पोरानं गल्लीच्याच टीममधनं खेळायचं, आणि मॅचच्या दिवशी दुकानं ओढून घेऊन अख्ख्या गल्लीनं स्टेडियमच्या गॅलरीत जाऊन बसायचं. पिवळा-काळा शर्ट अंगावर आला की पोराला घराघरात मान, आणि तो काढून घेतला तर त्याच्यासारखी नामुष्की नाही. दुसऱ्या तालमीकडनं खेळायची सोयच नाही. राहणार गल्लीत आणि खेळणार दुसऱ्याकडनं, असं कुणी केलं तर त्याच्या घरचं हळदीकुंकूसुद्धा सुनं जायचं.

मी त्या टीमचा गोलकीपर, रंगराव कुरणे. शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला होतो. पस्तिशीला आलो होतो आणि अजून दोन वर्षं तरी खेळायची खुमखुमी होती. इंद्या म्हणजे इंद्रजित सासने, जेमतेम विशीतला. हाफला खेळायचा. म्हणजे मागनं आलेला चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना वाटून द्यायचा. टीमचं डोकंच म्हणा ना. ते डोकं त्या हंगामात चालेना, आणि आमची टीम मुंडी छाटल्यासारखी मैदानभर पळत होती.

बरं, पोरगं खेळात कच्चं असतं तर मी केव्हाच नाद सोडला असता. पण सकाळी रंकाळ्याच्या बाजूच्या पटांगणावर प्रॅक्टिसला त्याला बघायचं. चेंडू याच्या पायात यायच्या आधीच याला ठाऊक असायचं कुणाला द्यायचाय. पलीकडच्या टोकाला पळणाऱ्या माणसाच्या नेमका पुढ्यात टाकायचा. मी इतकी वर्षं तालमीकडनं खेळलो, असा पाय आमच्या गल्लीत बघितला नव्हता. आणि हेच पोरगं दुपारी स्टेडियमवर गेलं की भिजलेल्या मांजरासारखं. चेंडू घ्यायचा, मान वर करायची, थांबायचं आणि घालवायचं. दर मॅचला तेच. माझं तर टाळकं सटकायचं.

दुसऱ्या तालमीची माणसं त्याच्या पायात चेंडू आला की टाळ्या वाजवायला लागली होती. आमच्यातलीही ओरडायला लागली, काढा त्येला बाहेर. मी प्रत्येक मिटिंगला त्याची बाजू घ्यायचो आणि प्रत्येक मॅचला तो मला तोंडघशी पाडायचा. घरी बायको म्हणायची, तुमचं पोरगं हाय का त्ये, कशापायी रक्त आटवताय. मी त्याची सकाळ बघितली होती, एवढंच माझ्याकडं होतं.

या पोराचा बाप ट्रकवर. महिन्यातनं चार दिवस घरी. आई माणूस बिचारी गप्प. तेव्हा इंद्याला वाढवला तो गल्लीनं. याच्या घरी जेवला, त्याच्या घरी निजला. बूट तालमीनं दिले, दूध आक्काताईनं पाजलं. आमच्याकडं सकाळी कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात, तसा आक्काताईचा कट्टा गल्लीच्या तोंडालाच. इंद्या प्रॅक्टिसला निघाला की तिचा पेला तयार. आणि पेल्याबरोबर सल्ला. आक्काताई गेली वीस वर्षं गॅलरीतनं ओरडत होती, तिच्याइतका खेळ आपल्याला कळतो असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. ती म्हणायची उजवीकडनं चढ, डाव्या अंगाला तुझं काय काम न्हाई. तिथनं दोन घरं पुढं आलं की तालमीचे अध्यक्ष गणपतराव आण्णा दारात उभे. जुने पैलवान, कान मोडलेले, आवाज मात्र मऊ. ते खांद्यावर हात टाकून सांगायचे, बाळा, डावीकडनं खेळ, आपली तालीम कायम डावीकडनं जिंकलीय. पुढं शिवा टेलर मशीन थांबवून सांगायचा की बारीक खेळू नको, लांब मार. आणि इंद्या सगळ्यांना व्हय म्हणायचा. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

हे मला सगळं दिसत होतं, पण त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही. आमच्याकडं माया अशीच करतात. दूध द्यायचं आणि शहाणपण द्यायचं.

लीगची शेवटची मॅच आम्ही रडतखडत बरोबरीत सोडवली आणि कशीबशी सेमीफायनल गाठली. त्या मॅचला मला पहिल्यांदा कळलं. गोलकीपरला आपल्या माणसांच्या पाठी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. इंद्याची ती वर होणारी मान मी हंगामभर मागनं बघत होतो आणि समजत होतो की हा पुढची माणसं शोधतोय. त्या दिवशी एका कॉर्नरनंतर तो चेंडू घेऊन माझ्याच बाजूला तोंड करून वळला. मान वर झाली आणि डोळे गेले ते थेट गॅलरीत. मीही त्याच्या नजरेमागं बघितलं. आमची अख्खी गल्ली उभी होती. आण्णा डावा हात लांब करून डावीकडं दाखवत होते. आक्काताई पदर कमरेला खोचून उजवीकडं हातवारे करत होती. शिवा टेलर दोन्ही हातांनी पुढं ढकलून दाखवत होता, लांब मार, लांब मार. आणि त्यांच्या मागं शंभर हात शंभर दिशांना. इंद्याचे डोळे या हातावरनं त्या हातावर गेले, आणि तेवढ्यात चेंडू गेला.

मॅच संपल्यावर मी त्याला नळावर गाठला. पाय धूत होता. म्हटलं, चेंडू पायात असताना गॅलरीकडं काय बघतोस लेका.

"बघाय लागतंय मामा," तो म्हणाला. "न्हाई बघितलं तर संध्याकाळी विचारत्यात, आमी एवढं सांगत हुतो, तुला दिसलं न्हाई व्हय?"

"मग ऐकतोस कुणाचं?"

त्यानं नळ बंद केला. "सगळ्यांचं ऐकावं म्हंतोय. पण तेवढ्यात त्ये येत्यात आणि चेंडू नेत्यात."

मी कपाळाला हात लावला. हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी कळेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीत मिटिंग होती. विषय एकच, सेमीफायनलला इंद्या नको. शिलेदार तालीम समोर होती, त्या वर्षीची सगळ्यात दांडगी टीम. आण्णा म्हणाले, पोरगं गुणाचं आहे, मला पोटच्या पोरासारखं आहे, पण टीम म्हणजे काय त्याची शाळा नव्हे. किती दिवस आपण त्याच्यासाठी हरायचं. खोटं नव्हतं ते. बाकीची सगळी मान डोलवत होती. इंद्या दारापाशी चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून ऐकत होता.

मी उठलो आणि गॅलरीचं सगळं सांगितलं. आधी हसले. मग हसणं थांबलं, कारण मी पुढचं बोललो. म्हटलं, सेमीफायनलला गल्लीतलं कुणीही येऊ नका. एकानंही नाही.

काय गदारोळ झाला म्हणून सांगू. शिवा टेलर म्हणाला, माझ्या बापानं पाय मोडलेला असताना खाटेवरनं स्टेडियमवर येऊन मॅच बघितलीय, आणि मी घरात बसू होय. कुणी म्हणालं, शिलेदारवाले काय म्हणतील, पिवळी विहीर घाबरून घरात बसली. हे खरं सगळ्यांना झोंबलं. आक्काताई तालमीत कधी आत यायची नाही, दारातनंच बोलायची. ती दारातनं म्हणाली, "मी काय त्येच्या वाईटाचं सांगत हुती व्हय रं रंगा? ह्या हातानं दूध पाजलंय त्येला." आणि तिचे डोळे भरले. वाईटाचं कुणीच सांगत नव्हतं, तीच तर रड होती.

शेवटी आण्णांनी सगळ्यांना गप्प केलं. मऊ आवाजात म्हणाले, "आमी न्हाई येत. अख्खी गल्ली घरात बसंल, ह्यो माझा शब्द. पण त्या दिवशी पोरगं खेळलं न्हाई, तर त्येच्या अंगावर तालमीचा शर्ट परत चढायचा न्हाई. आणि रंगराव, तुमी पण हातमोजे काढून ठेवायचं."

मी रागानं म्हटलं, कबूल. म्हटल्यावर दाराकडं बघितलं. इंद्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्याला कुणी कबूल आहे का विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

मॅचपर्यंतचे ते दिवस गल्लीनं कसे काढले ते बघण्यासारखं होतं. आक्काताई इंद्याला पेला द्यायची आणि तोंडावर पदर धरायची, बोलून जाऊ नये म्हणून. शिवा टेलर तो दिसला की मशीन जोरात चालवायचा. मॅचच्या दुपारी आम्ही मारुतीच्या पाया पडायला तालमीत गेलो. दरवेळी आण्णा नारळ फोडून झाला की एकेकाच्या कानात काहीतरी सांगायचे. त्या दिवशी इंद्यानं सवयीनं कान पुढं केला. आण्णांनी त्याच्या गालावर नुसता हात फिरवला आणि आत निघून गेले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा कट्ट्यावर, पायऱ्यांवर सगळी गल्ली बसली होती, तोंडं पाडून, मयताला आल्यासारखी.

स्टेडियमवर आमची गॅलरी रिकामी होती. उन्हात तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्या आणि त्यावर कबुतरं. दोन तालमींची माणसं एकत्र बसू देत नाहीत, त्यामुळं पोलिसांनी तिकडं दुसरं कुणाला सोडलं नव्हतं. बंदोबस्तावरचा हवालदार मला विचारून गेला, तुमची माणसं कुठं अडकली. समोरची आणि दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या शिलेदारनं भरलेल्या. आम्ही मैदानात उतरलो आणि असला हुर्यो झाला की कानठळ्या बसल्या. आमच्यासाठी टाळ्या वाजवायला बाकावर बसलेली आमची चार पोरं, बस.

मला वाटलं होतं, गॅलरी मोकळी म्हणजे पोरगं मोकळं. कसलं काय. पहिला चेंडू त्याच्या पायात आला, मान वर झाली, डोळे त्या रिकाम्या पायऱ्यांवर गेले आणि तिथंच अडकले. आधी निदान शंभर हात होते, आता एकही नाही. तो पहिल्यापेक्षा जास्त थांबायला लागला. चेंडू घालवला. परत घालवला. सर्ज्या पुढं पळून पळून वैतागला आणि तिथनंच शिव्या द्यायला लागला. शिलेदारनं आमच्या गोलवर नुसता मारा लावला. एक चेंडू मी बोटाच्या टोकानं बारवर ढकलला, एक छातीवर घेतला, एक आमच्या बॅकनं रेषेवरनं काढला. हाफटाइमला शून्य-शून्य होतं ते केवळ नशीब.

इंद्या बाकावर पाण्याची बाटली धरून बसला होता, पीत नव्हता. मी शेजारी जाऊन बसलो. खरं तर मला त्याला गदागदा हलवायचं होतं. सगळ्या गल्लीशी मी याच्यासाठी वैर घेतलं आणि हा असा.

"मामा, गॅलरीत कुणीच न्हाई," तो म्हणाला.

"म्हाईत हाय मला."

"मग मला काय कळंनाच झालंय."

मी दातओठ खाऊन म्हटलं, तुला दिसतंय ते कर, सकाळी करतोस तसं कर, सर्ज्याला उजवीकडनं सोड, त्यांचा डावा बॅक जड आहे. त्यानं मान डोलवली. ती मान मी ओळखत होतो. आक्काताईचा पेला हातात घेऊन तो अशीच डोलवायचा. मला माझाच संताप आला, पण शिट्टी झाली होती.

आणि मग दुसऱ्या हाफमध्ये त्यानं नवीनच काढलं. चेंडू पायात आला की तो मागं वळून माझ्याकडं बघायला लागला.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. दाखवलं, उजवीकडं दे. तिकडं दिला, पण तोवर ती वाट बंद झाली होती. परत बघितलं, परत मी दाखवलं, परत उशीर. मैदानाच्या या टोकाला उभं राहून मला जे दिसतं ते त्याला सांगेपर्यंत शिळं व्हायचं. मग मी हात दाखवायचं सोडलं, दोन्ही हात पाठीमागं बांधले. तर हा माझ्या डोळ्यांत बघायला लागला. डोळ्यांनी तरी सांगा म्हणायचा. मी ओरडलो, माझ्याकडं बघू नको. त्यानं ऐकलं, आणि हो म्हणून मान डोलवायला परत माझ्याकडंच बघितलं. त्या गडबडीत त्यांचा फॉरवर्ड सुटला. मी बाहेर धावत येऊन त्याच्या पायावर पडलो, कोपर फुटलं, पण चेंडू धरला. मी त्या वेळी इंद्याला मनातनं सोडलं होतं, हे खरं सांगतो. म्हटलं, आण्णा बरोबर होते. हे पोरगं चांगलं आहे आणि चांगलं म्हणूनच कामाचं नाही. उद्यापासनं त्याला शर्ट नाही, मला हातमोजे नाहीत, रविवारी बायकोबरोबर बाजारात जायचं.

शेवटची काही मिनिटं उरली असतील. अजून शून्य-शून्यच. आमच्या बॅकनं एक चेंडू कसाबसा पुढं ढकलला आणि तो मधल्या वर्तुळात इंद्याच्या पायात येऊन पडला. आजूबाजूला जागा होती. त्यांचे दोन गडी लांबनं त्याच्या अंगावर यायला निघाले होते. सर्ज्या डावीकडं हात वर करून मागत होता. इंद्यानं चेंडू पायाखाली दाबला आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

मी काय ठरवून केलं नाही. मी त्याच्याकडं पाठ केली. गोलकीपर मी, चालू मॅचमध्ये, सेमीफायनलला, मैदानाकडं पाठ करून जाळीकडं तोंड करून उभा राहिलो. दोन्ही हातांनी जाळी धरली. गोलच्या मागं शिलेदारची माणसं बसली होती, ती आधी गोंधळली आणि मग हसायला लागली. एक जण ओरडला, कीपरला चक्कर आली, पाणी द्या रं. त्यांच्या हसण्यानं सगळी गॅलरी उठली. माझ्या पाठीला सगळं मैदान होतं आणि मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. चेंडू माझ्याकडं येत असला तरी मला कळणार नव्हतं. एकदा वाटलं वळावं. नुसती मान वळवली असती तरी भागलं असतं. पण तो अजून बघत असेल तर? मी डोळे मिटून घेतले.

त्या गॅलऱ्यांत आमचं म्हणून एकही माणूस नव्हतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. आमच्यावर गोल झाला असता तर आभाळ फाटल्यागत आवाज झाला असता. मी त्या आवाजाची वाट बघत होतो. खांदे आवळून, पाठीत रट्टा बसायची वाट बघावी तसा.

गोलमागचं हसणं चालू होतं. मग ते एका बाजूनं कमी व्हायला लागलं. मग कुणीतरी आँ असं म्हणालं. आणि मग सगळं स्टेडियम गप्प झालं. तीन बाजूंच्या तीन गॅलऱ्या, हजारो माणसं, आणि रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न मला ऐकू आला. मी डोळे उघडले. जाळीपलीकडं पहिल्या पायरीवर एक माणूस तोंड उघडं टाकून माझ्या डोक्यावरनं लांब कुठंतरी बघत होता. मग खूप लांबनं, आमच्या बाकावरच्या चार पोरांचा आवाज आला.

मी वळलो. पलीकडच्या गोलमध्ये चेंडू जाळीत पडला होता आणि त्यांचा कीपर गुडघ्यावर बसला होता. सर्ज्या शर्ट डोक्यावर ओढून कॉर्नरकडं पळत होता आणि बाकीचे सगळे त्याच्यामागं. त्या गर्दीतनं एकटा इंद्या उलटा निघाला होता. अख्खं मैदान ओलांडून तो माझ्याकडं पळत येत होता, बूट घसरतायत, हात कसेही उडतायत.

फायनल आम्ही हरलो ते इथंच सांगून टाकतो. आणि तो पास आजही आमच्या कट्ट्यावर निघतो. आण्णा होते तोवर ते सांगायचे, शिवा टेलरचा पोरगा सांगतो, आक्काताई तर हात करून दाखवते. त्यातल्या कुणीच तो बघितलेला नाही. मीही नाही.

इंद्या माझ्यासमोर येऊन थांबला. धाप लागली होती.

"बघितलासा काय मामा?"

"न्हाई."

"खरंच न्हाई?"

"खरंच न्हाई रं. जाळी बघत हुतो मी."

मला वाटलं आता चुकलं मामा म्हणतोय. पण त्यानं चेहऱ्यावरचा घाम शर्टानं पुसला आणि बोलायला लागला. इतकं बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं.

"सर्ज्या डावीकडं मागत हुता. सारखा ओरडत हुता, हिकडं दे, हिकडं दे. न्हाई दिला मी. त्यो डावीकडं पळाला म्हणून त्यांची दोघं तिकडं गेली आणि मदी जागा झाली, एवढीशी. मी म्हटलं, दिला तर हितंच. टाकला. सर्ज्यालासुदिक ठावं नव्हतं, त्यो शिव्या देत वळला आणि बघतोय तर चेंडू त्याच्या पुढ्यात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला दिसली मामा ती जागा. कुणी दाखवली न्हाई. मलाच दिसली."

मधल्या रेषेवर रेफरी शिट्टीवर शिट्टी फुंकत होता. शिलेदारची पोरं चेंडू ठेवून तयार होती, खेळ अडला होता आणि आमचेच गडी त्याला हाका मारत होते. माझ्या ओठावर आलं होतं, जा आता. मी ते गिळलं. इंद्यानं एकदा मैदानाकडं बघितलं, मोजे वर ओढले आणि तो आपला आपण गेला.